भाड्यासाठी घर कुठं घ्यावं? बेल्याकडचा जुना हिशेब

हल्ली लग्नकार्यात आपली बेल्याकडची माणसं भेटली की एक विषय हमखास निघतो. चार एकर काळी विकून पुण्याला फ्लॅट घ्यावा की हैदराबादला? भाडं कुठं बरं येईल? मी बँकेत होतो म्हणून मलाच विचारतात. मी आधी आपल्याच भागाचा इतिहास सांगतो. उत्तर त्यातच आहे.

1956 पर्यंत आपण, किनवट आणि राजुरा एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होतो. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली. किनवट, राजुरा पलीकडे गेले, बेला आंध्रात राहिलं. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण कायदे वेगळे झाले. किनवटला हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे कायदाच चालू राहिला, आपल्याकडे आंध्र प्रदेशचा 1960 चा आला. नागपूर-चंद्रपुरात तर मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1949 चा आदेश होता. भाडेकरूला घर सोडायची नोटीस द्यायची म्हटलं तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची! त्यामुळं नागपूरला घर भाड्यानं द्यायला आपली जुनी माणसं कचरायची. 31 मार्च 2000 ला महाराष्ट्रभर एकच नवा कायदा लागू झाला आणि लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा कुठं धीर आला.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत, जसं उटनूरकडे, 1970 च्या रेग्युलेशनप्रमाणे बिगर-आदिवासीला जमीन काय, घरही विकत घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेतलं तरी ते टिकत नाही. गोंड-कोलामांच्या जमिनी वाचवायला केलेला कायदा आहे, तो पाळायचाच. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी गाव कोणत्या क्षेत्रात येतं ते पाहा.

मग सिमेंट आलं. 1980 च्या दशकात आदिलाबादला सिमेंट कॉर्पोरेशनचा सरकारी कारखाना सुरू झाला. बेल्याहून जो रस्ता कोरपना-गडचांदूरकडे जातो, त्या बाजूलाही आवारपूर आणि माणिकगडचे कारखाने त्याच दशकात उभे राहिले. 1998 ला आदिलाबादचा बंद पडला. पलीकडचे मात्र चालत राहिले. चुनखडी दोन्हीकडे होती, कापूसही दोन्हीकडे, पण पगाराची तारीख एकीकडेच उरली. भाडं त्या तारखेवर येतं. त्याच 1998 ला हैदराबादला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि आपल्या पोरांनी तिकडची बस धरली.

तरी आदिलाबाद बसलं नाही. कापसाचं मोठं मार्केट, जिल्ह्याच्या कचेऱ्या, नागपूर-हैदराबाद महामार्ग, पुढं रिम्स मेडिकल कॉलेज. एक पगार गेला, पण बाकीचे उरले. 2016 ला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबादलाही कलेक्टर आले. कचेरी आली की कारकून, मास्तर, वकील खोल्या शोधत येतातच.

आता आकडे. समजा 40 लाखांचा फ्लॅट आणि महिना 10 हजार भाडं. वर्षात एक महिना रिकामा गेला तर हाती 1 लाख 10 हजार. घरपट्टी, सोसायटी, रंगरंगोटीचे 20 हजार वजा करा. उरले 90 हजार, म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेची साधी ठेव बहुतेक वेळा याहून जास्त देते. बाकीची सगळी आशा किंमत वाढण्यावर, आणि ती वाढेलच असं कुणी लिहून देत नाही.

म्हणून विचारणाऱ्याला मी इतकंच म्हणतो. पुतण्या पुण्याला आहे म्हणून पुणं, मेहुणा हैदराबादला आहे म्हणून हैदराबाद, असं करू नका. त्या गल्लीत राहायला कोण येतं, त्याचा पगार कोण देतं, आणि तो देणारा उद्या गेला तर दुसरं कोण आहे, हे आधी स्वतः जाऊन पाहा. तिथला भाडेकायदा वकिलाकडून समजून घ्या. या सगळ्याचं उत्तर मिळेपर्यंत काळी विकू नका. फ्लॅट पुढच्या वर्षीही मिळेल, बापजाद्यांचं शेत परत मिळत नाही.