देवगिरीच्या दोन वीणा आणि आजची गिटार

दौलताबादच्या सहलीत मुले अंधारी वाट, खंदक आणि चाँद मिनार पाहतात. या गावाचे जुने नाव देवगिरी. यादव राजा सिंघण (इ.स. १२१० ते १२४७) याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचे एक अधिकारी होते. राज्याच्या हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी येथे लिहिलेला 'संगीतरत्नाकर' संगीताचे अभ्यासक आजही वाचतात. त्याच्या पहिल्याच अध्यायात एक प्रयोग आहे. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो जरूर पाहावा.

प्रश्न असा होता : सप्तकात बावीस श्रुती आहेत, हे ठरवायचे कसे? शार्ङ्गदेव सांगतात, अगदी सारख्या दोन वीणा घ्या, प्रत्येकीला बावीस तारा लावा. प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित उंच, इतकी किंचित की दोहोंच्या मध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. एक वीणा जशीच्या तशी ठेवायची, ती ध्रुववीणा. दुसरी, म्हणजे चलवीणा, एकेका श्रुतीने उतरवत जायची. दुसऱ्या वेळी उतरवल्यावर तिचे गांधार आणि निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवताशी मिळतात. तिसऱ्या वेळी ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचमाशी मिळतात. चौथ्या वेळी षड्ज, मध्यम आणि पंचम हे निषाद, गांधार आणि मध्यमाशी मिळतात. म्हणजे दोन स्वर दोन-दोन श्रुतींचे, दोन तीन-तीन श्रुतींचे आणि तीन चार-चार श्रुतींचे. बेरीज करा : ४ + ६ + १२ = २२.

दोन वीणांची कल्पना मुळात भरताच्या नाट्यशास्त्रातली. बावीस तारा लावून शार्ङ्गदेवांनी ती डोळ्यांना दिसेल अशी मांडली. श्रुती नेमकी किती मोठी, यावर विद्वानांचे वाद आहेत, कारण 'मध्ये ध्वनी ऐकू न येणे' हे ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते. पण पद्धत पाहा. एक वस्तू स्थिर ठेवायची, दुसरीत एकच गोष्ट बदलायची आणि मग तुलना करायची. आपण प्रयोगशाळेत 'नियंत्रित प्रयोग' म्हणतो तो हाच.

आता आजच्या गिटारकडे वळू. गिटारचे नवे नमुने जाहीर होतात तेव्हा त्यांतले बरेचसे १९३०च्या दशकातल्या जुन्या गिटारींची नक्कल असतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या त्या काळच्या गिटारींना आज फार मोठी किंमत येते. त्यांतल्या काही नमुन्यांची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या असत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा मार्टिनने भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. आपल्या सह्याद्रीतही वाढणारे हे झाड. जुन्या लाकडाची सर नव्याला नाही, असे अनेक वादक तेव्हापासून मानत आले.

हे खरे की नाव ऐकून झालेला समज? इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळे सारखे, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे. त्यांत ब्राझीलचा शिसव होता, भारतीय शिसव होता आणि स्वस्त लाकडेही होती. ५२ वादकांनी त्या न पाहता वाजवल्या. सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच गुण मिळाले. नुसत्या आवाजावरून त्या वेगळ्या ओळखणेही बहुतेकांना जमले नाही. देवगिरीच्याच पद्धतीचे हे नवे रूप म्हणायला हरकत नाही.

यावरून लाकडाला काहीच महत्त्व नाही असे मात्र म्हणू नये. गिटारचा आवाज मुख्यतः समोरच्या पातळ फळीच्या कंपनातून येतो आणि ती फळी या प्रयोगात बदललेली नव्हती. शिवाय जुन्यांतली वाईट वाद्ये केव्हाच मोडीत गेली. उरली ती चांगली. ती पाहून 'जुने ते सोने' म्हणणे सोपे असते.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२पासून कडक बंदी आहे, आणि २०१७पासून शिसवाच्या साऱ्या जातींचा व्यापार नियंत्रणाखाली आला. वाढायला अनेक दशके लागणारे झाड आपण खऱ्या गुणासाठी तोडतो की नावासाठी, हे तपासलेच पाहिजे.

वर्गात हे करून पाहता येईल. फळीवर सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या दोन तारा ताणा. एक तशीच ठेवा, दुसरीचा ताण थोडा थोडा कमी करा. मुलांना पाठ करून बसवा आणि फरक प्रथम कधी जाणवला ते प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता लिहू द्या. उत्तरे वेगवेगळी येतील. ती का आली, यावरच तासभर बोलता येईल. पुढच्या सहलीत किल्ल्याच्या पायथ्याशी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.