पाण्याच्या पाळीची देवघेव

नीरा डावा कालवा पुरंदर तालुक्यातल्या वीर इथून निघतो, बारामतीतून पुढे जातो आणि इंदापुरात संपतो. सुमारे १६० किलोमीटरच्या या वाटेवर शेत कोणत्या चारीवर आहे आणि त्याची पाळी केव्हा येते, यावर जमिनीची किंमत ठरत आली आहे. इंदापूर हे या कालव्याचे टेल. खडकवासल्याहून येणारा कालवाही याच तालुक्यात संपतो. त्यामुळे पाळी राखणे, मागणे, उसनी देणे आणि विकणे या गोष्टींचा इतिहास इथे इतर ठिकाणांपेक्षा ठळक दिसतो.

कालव्याआधी पाळी होती ती विहिरीवर. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर मोटेचे दिवस वाटलेले असत. चार आणे हिस्सा असणाऱ्याला आठ दिवसांत दोन दिवस मिळत. वाटण्या होत गेल्या तशी पाळी चिरत गेली आणि नातवांच्या वाट्याला अर्धा दिवस उरला. ही पाळी गहाण पडे, खंडाने जाई, विकलीही जाई. खरेदीखतात गट नंबर आणि चतुःसीमा यांच्या जोडीला विहिरीतल्या पाण्याची पाळी आजही लिहून घेतली जाते. ती लिहायची राहिली, तर ओलिताची म्हणून घेतलेली जमीन कोरडवाहू ठरते आणि दिवाणी न्यायालयात दाव्यांत एक पिढी जाते. मोट गेली आणि विजेची मोटर आली तरी दिवसांची वाटणी तशीच राहिली. आता ‘रात्रीची वीज कोणाच्या दिवसात आली’ हा नवा तंटा तेवढा वाढला.

१८७६-७७ च्या दुष्काळाच्या निमित्ताने नीरा कालव्याचे काम निघाले आणि १८८५ मध्ये पाणी सुटले. मागे भोर भागात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले, आणि पुढे त्याच्याच खाली १९२८ च्या सुमारास आजचे मोठे धरण उभे राहिले. सुरुवातीला मात्र या पाण्याला गिऱ्हाईक कमी होते. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीपट्टी भरायला तयार नसे आणि दुष्काळ पडला की सगळे एकदम अर्ज घेऊन येत. बारमाही पाणी मुखाकडच्या गावांनी ऊस लावून उचलले. खालच्या गावांना उरलेसुरले मिळे, तर वरच्या गावांच्या जमिनी जास्त पाण्याने चोपण होऊ लागल्या. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, यावरून दुखणे किती पसरले होते ते कळते.

या गोंधळावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी उपाय काढला. १८९९ पासून ते पुण्याच्या पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. त्यांची ब्लॉक पद्धत अशी: पाणी कालव्याभर विखुरलेल्या ठरावीक पट्ट्यांना द्यायचे, त्या पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हंगामी पिके घ्यायची आणि उसाची जागा फिरती ठेवायची. मंजुरी एका हंगामाची न राहता काही वर्षांची झाली. पुढे सहा वर्षांचा ब्लॉक रूढ झाला. वजनदार बागायतदारांना ही शिस्त आवडली नाही. खालच्या गावांना तिचा फायदा झाला, पण अनपेक्षित असेही काही घडले. पाण्याची हमी काही वर्षांसाठी विशिष्ट जमिनीला चिकटल्यामुळे त्या जमिनीचा खंड वाढला. ऊस आणि गूळ यांत वाकबगार असलेले सासवड भागातले माळी बागायतदार कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेऊन इकडे आले. त्यांनी भाडे मातीचे कमी आणि पाण्याच्या खात्रीचे जास्त मोजले, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

चारीवरचा रोजचा कारभार शेजपाळीने चालतो. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, मंजुरीनंतर पाळीचा पास मिळतो आणि आवर्तन सुटले की पाणी टेलकडून हेडकडे, शेताला शेत लागून, वर सरकत येते. टेलला आधी द्यायचे याचे कारण उघड आहे. वरच्याने आधी घेतले तर खाली काही पोचत नाही. नियम कागदावर पक्का असला तरी टेलच्या शेतकऱ्याला रात्री चारीवर राखण करावी लागतेच.

पास अमुक गटासाठी आणि अमुक पिकासाठी असतो. पाटकऱ्याच्या नोंदीत अदलाबदलीचा रकाना नाही. ती बांधावर, तोंडी होते. ‘ही पाळी तू घे, पुढचं भरणं मला दे’ एवढ्यावर व्यवहार पुरा. त्यामागचा हिशोब मात्र बारीक असतो. खोल काळ्या रानातला ऊस आठवडाभर तग धरतो, तर हलक्या जमिनीतला कांदा धरत नाही. म्हणून ऊसवाला आपली पाळी कांदेवाल्याला देतो आणि एप्रिलमध्ये, पाण्याला खरी किंमत येते तेव्हा, ती वसूल करतो. रात्रीची पाळी घेणाऱ्यासाठी थोडे जास्त पाणी सोडावे लागते, कारण अंधारात दारं धरायला मजूर मिळत नाही.

क्रमाला किंमत लावून तो विकण्याचे सर्वांत उघड उदाहरण अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये सापडते. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी क्रमाक्रमाने निवडण्याची पद्धत तिथे १९३६ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. आधीच्या हंगामात जो संघ तळाला, त्याची निवड पहिली. टेलला आधी पाणी देणाऱ्या शेजपाळीशी याचे नाते लगेच जुळते. तिथे पाळ्या खुलेपणाने बदलता येतात. वर सरकू पाहणारा संघ पुढच्या दोन-तीन पाळ्या देतो, खाली सरकणारा त्या घेतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघाने पाळ्यांचा तक्ताच केला: पहिलीला ३००० गुण, दुसरीला २६००, दहावीला १३००. चारीवर असा तक्ता कोणी मांडला नाही. इथे पाळीची किंमत पिकावर, मातीवर आणि महिन्यावर बदलते, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांना पुढची चाळीस वर्षे एकाच बांधावर काढायची असतात.

कायद्याने ही देवघेव मान्य केली ती फार उशिरा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमाने पाण्याचा हक्क वार्षिक किंवा हंगामी मुदतीने हस्तांतरित करण्याची, विकण्याची किंवा बदलून देण्याची तरतूद केली, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली. त्याच वर्षी पाणीवापर संस्थांचा कायदाही झाला. विक्रीला आधी घनमापाने मोजलेले पाणी लागते, आणि अर्ज व एकरांवर चाललेल्या चारीवर ते माप बसवणे हेच अवघड काम आहे.

मोठ्या पातळीवर पाळीचा वाद मंत्रालयात जातो. नीरा देवघर धरणाचे पाणी डाव्या आणि उजव्या कालव्यात किती वाटायचे, हा निर्णय २०१९ मध्ये बदलला आणि २०२० मध्ये पुन्हा बदलला. एप्रिल २०२१ मध्ये उजनी धरणाचे ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवण्याचा आदेश निघाला, आणि सोलापुरातून विरोध उठल्यावर मेमध्ये तो रद्द झाला.

गावपातळीवर मात्र लोकांनी पाळीला वळसा घालण्याचे मार्ग शोधले आहेत. नदीकाठी किंवा कालव्याजवळ एखादा गुंठा विकत घ्यायचा, तिथे विहीर पाडायची आणि पाइपलाइनने पाणी कोसभर लांबच्या रानात न्यायचे, ही रीत बारामती-इंदापुरात सर्रास आहे. विहिरीच्या त्या गुंठ्याला पिकाऊ एकराहून चढा भाव मागितला जातो. दुसरा मार्ग शेततळ्याचा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पाळीचे पाणी साठवून ठिबकने सवडीप्रमाणे देता येते. ज्याच्याकडे तळे आहे तो रात्रीची पाळीही निवांत घेतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याला बदलून घ्यायला शेजारी उरत नाही.