कासारीचे दोन फोटो

शाहूवाडी तालुक्यात पावनखिंडीच्या परिसरात कासारी उगम पावते. मे महिन्यात तिथला फोटो काढला, तेव्हा पाणी जेमतेम. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवली. त्या वाटेच्या कठीणपणाचं वर्णन मला थोडं फुगवलेलंच वाटलं. पण महाराज गडाबाहेर पडले ती रात्र आषाढ पौर्णिमेची!

जुलैत त्याच दगडावरून पुन्हा फोटो काढला: धुकं, शेवाळ, फेसाळतं पाणी. शंका साधनावर नाही, माझ्या मे महिन्यावर घ्यायला हवी होती. अर्थात, आजचा प्रवाह म्हणजे १६६०चा पुरावा नव्हे. पावसाळ्यात इथे चालणं म्हणजे काय, एवढंच तो दाखवतो.

म्हणून मित्रांनो, फील्डला जाण्याआधी साधनातली तिथी बघा. आणि प्रत्येक फोटोखाली जागा, दिशा, तारीख लिहाच.