बाबांचा रेडिओ आणि व्हीएचा हिशोब

मी मूळ पेडण्याचा, नोकरीनंतर डिचोलीत स्थायिक. लहानपणी आमच्या वाड्यावर वीज नव्हती, पण घरात बॅटरीवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता.

२५ नोव्हेंबर १९५५पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत. आधी आंबोलीच्या, मग कॅसलरॉकच्या रानातून. कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये. बाबा दार लोटून, आवाज बारीक करून ते ऐकत. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसायची, म्हणजे खरं तर राखण.

रेडिओला ९० व्होल्टची बॅटरी, व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टची दुसरी. बॅटरी महाग, म्हणून बातम्या संपल्या की रेडिओ बंद. हिशोब सरळ : व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट.

एसी विजेत हे नेहमी असंच नसतं, हे मला सत्तरीनंतर कळलं. मे २०२१, तौक्ते वादळ. वीज गेली, मोबाईल मुके. भाच्याने आपला हॅम रेडिओ पॉवर सप्लायसकट आमच्या इन्व्हर्टरला जोडला. इन्व्हर्टरच्या पाटीवर ५०० व्हीए. रेडिओला बोलताना १३.८ व्होल्टवर २० अँपिअर, म्हणजे २७६ वॅट. सप्लायची उष्णता धरून ३५०. मी म्हटलं, "दीडशे शिल्लक!" त्याने बोलायचं बटण दाबलं आणि इन्व्हर्टर ट्रिप.

"मामा, व्हीए म्हणजे वॅट नव्हे. हा सप्लाय करंट सलग नाही, झटक्याझटक्याने ओढतो. पॉवर फॅक्टर ०.६५. ३५० भागिले ०.६५, म्हणजे ५४० व्हीए."

मी बँकेच्या भाषेत समजून घेतलं. कॅशव्हॅनने शाखेत ५ लाख नेले, ३ लाख वाटले, २ लाख परत आणले. खर्च ३ लाखांचाच, पण व्हॅन आणि बंदोबस्त ५ लाखांचा लागतो. वॅट म्हणजे खर्च. घरचं बिल त्याचंच येतं. व्हीए म्हणजे वाहतूक. वायर, फ्यूज, इन्व्हर्टर, जनरेटर यांना ती पेलावी लागते. म्हणून जनरेटरवर केव्हीए लिहितात.

मग भाच्याने सप्लाय काढला आणि रेडिओ थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. डीसी, भानगडच नाही. अंधारात पलीकडून आवाज आला आणि मला बाबांचा बारीक केलेला रेडिओ आठवला.

इन्व्हर्टर घेताना पाटीवरचे व्हीए आणि वॅट दोन्ही बघा. आणि तुमच्या घरी असा चोरून ऐकलेला रेडिओ होता का? जरूर लिहा.