मोनोपॉड

मोनोपॉड (एकपाय) : कॅमेऱ्याचा किंवा लांब लेन्सचा भार जमिनीवर टाकणारा एका पायाचा आधार. ट्रायपॉडप्रमाणे तो आपल्या आपण उभा राहत नाही. त्याचे उरलेले दोन पाय छायाचित्रकाराचेच असतात. गर्दीत तो मूठभर जागेत मावतो आणि क्षणात उचलून हलवता येतो.

रचना : ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या, एकात एक सरकणाऱ्या तीन ते पाच नळ्या, त्या आवळण्यासाठी खटके किंवा फिरकीची कडी, मनगटात अडकवायचा पट्टा आणि तळाशी रबरी टोपी. माथ्यावरचा स्क्रू १/४ किंवा ३/८ इंची असतो. लेन्स जड असेल, तर मोनोपॉड कॅमेऱ्याला न जोडता लेन्सच्या कॉलरला जोडतात. त्यामुळे तोल मध्यावर येतो आणि कॅमेऱ्याच्या माउंटवर ताण पडत नाही. फक्त वर-खाली झुकणारे हेड पुरते. डावी-उजवीकडे वळायला सगळा पायच फिरवतात.

कार्य : हातातला कॅमेरा वर-खाली, आडवा आणि पुढे-मागे हलतो. मोनोपॉड पहिली हालचाल जवळजवळ थांबवतो. बाकीचे डोलणे कमी होते, पण पूर्ण जात नाही. फुल-फ्रेम कॅमेरा हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग १/फोकल लेंथ सेकंदापेक्षा कमी ठेवू नये, असा जुना ठोकताळा आहे. मोनोपॉडवर साधारण दोन स्टॉपची, म्हणजे चौपट वेळेची, सवलत मिळते : २०० मिमी लेन्सला १/२०० ऐवजी १/५० सेकंद. ही सवलत हाताच्या थरथरीपुरती असते. समोरचा माणूस किंवा पक्षी हलला, तर फोटो हलतोच.

प्लेनो परिसरातील उपयोग : टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला असलेल्या प्लेनोत १९८० पासून गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव भरतो. ओक पॉइंट पार्कमध्ये सप्टेंबरात होणाऱ्या या महोत्सवात संध्याकाळी फुगे जमिनीलाच बांधून ठेवतात आणि बर्नरच्या ज्योतीने आतून उजळवतात. ज्योत काही क्षणांचीच, उजेड मावळता आणि भोवती माणसांची दाटी, त्यामुळे ट्रायपॉड पसरायला जागा नसते. बांधलेला फुगा मंद डोलतो, म्हणून वारा पडलेला असताना १/५० सेकंदातही त्याच्या कापडाची शिवण स्पष्ट येऊ शकते. इथे मोनोपॉडचा उपयोग थरथर आवरण्यासाठी.

क्रिकेटमध्ये त्याचे काम वेगळे. प्लेनोच्या नैर्ऋत्येला ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला बरोबरीनंतरच्या सुपर ओव्हरमध्ये हरवले. अमेरिकेची ती ओव्हर मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने टाकली. सामना दिवसा होता. अशा लख्ख उन्हात चेंडू सोडणारा हात गोठवायला १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते आणि त्या वेगाला हाताची थरथर फारशी उरत नाही. सीमारेषेबाहेर बसलेल्या छायाचित्रकाराला मोनोपॉड लागतो तो सुमारे तीन किलोची ४०० मिमी लेन्स तासन्‌तास पेलण्यासाठी. थकलेला हात ऐन वेळी खाली येतो. मोनोपॉडवर लेन्स रोखलेलीच राहते.

वापरण्याची पद्धत : मोनोपॉड थोडा पुढे रोवून आपले दोन पाय मागे फाकवले, की तिकाटणे तयार होते. उंची अशी ठेवतात, की वाकावे न लागता व्ह्यूफाइंडर डोळ्याला लागेल. कोपरे अंगाशी, डावा हात लेन्सवर आणि वजन किंचित खाली दाबलेले. श्वास सोडत शटर अलगद दाबून तीन-चार फोटो सलग घेतात. त्यांतला मधला बहुधा सर्वांत स्पष्ट निघतो, कारण बोट दाबतानाचा आणि उचलतानाचा धक्का त्याला लागत नाही. लेन्समधील स्थिरीकरण सहसा चालूच ठेवतात, कारण आडवे डोलणे तेच आवरते.

जमीनही पाहावी लागते. प्लेनोची माती मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी : पाऊस पडला की चिकट, उन्हात भेगाळलेली. ओल्या मातीत दाब देताच अरुंद टोक रुतत जाते आणि चौकट खाली सरकते. टोकाखाली सपाट फळीचा तुकडा ठेवल्यास हे टळते.

मर्यादा : सेकंदभराहून लांबलेले एक्स्पोजर, ताऱ्यांच्या रेषा किंवा एकाच चौकटीचे अनेक फोटो जुळवणे यांसाठी ट्रायपॉडच लागतो.