यादीबाहेरची गाणी

१९४४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने गावरान गाण्यांची वेगळी क्रमवारी सुरू केली. ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून लोक कोणती तबकडी जास्त वाजवतात, यावर ती ठरे. त्याच वर्षी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांसोबत मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या गाण्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाही. पुढे १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला आली, पण तिच्या पायऱ्या हिंदी चित्रपटगीतांसाठी होत्या. म्हणून शाहिरी गाण्याचे यश आपण उलटे मोजतो. आज जे कानावर पडते तेच त्या काळीही सर्वांत गाजले, असे धरून चालतो. ते खरे नाही.

वाटेगाव आज सांगलीत आणि शाहीर साबळ्यांचे पसरणी साताऱ्यात. पण १९२० आणि १९२३ साली हे दोघे जन्मले तेव्हा दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती. दक्षिण सातारा १९४९मध्ये वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एकाच मातीतल्या या दोन शाहिरांची दोन गाणी संयुक्त महाराष्ट्राशी जोडलेली आहेत. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड लढ्यातल्या सभांमधून पसरली. साबळ्यांच्या आवाजातले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढ्यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल घेऊन आले, आणि २०२३मध्ये राज्यगीत झाले. सरकारने फक्त शिक्का मारला, लोकांनी ते आधीच उचलले होते, असे कोणी म्हणेल. मान्य, खळ्यांची चाल आणि साबळ्यांचा चढा स्वर यांना सरकारी शिफारस नको होती. तरीही गाण्याला दरवर्षी हमखास १ मे मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. आटोपशीर, कोणाकडे काहीही न मागणारे गाणे लाउडस्पीकरला सोयीचे पडते. राज्यगीतासाठी तर त्याच्या तीन कडव्यांतली दोनच घेतली. छक्कड मात्र समोरच्या गर्दीबरोबर वाढते, रेंगाळते. शिवाय ‘मैना’ बेळगाव, कारवारसाठी झुरते. झेंडावंदनाच्या कार्यक्रमात ती वाजवायची कशी? तिची मागणी अपुरीच राहिली. तोच सीमाभाग मिळावा म्हणून महाराष्ट्र सरकार २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.