ट्रॅक्टरच्या घराण्यातली पिकअप



धानाची चुरणी उरकली, हातात चार पैसे आले की आपल्या भागात जुन्या गाड्यांचे दलाल फिरायला लागतात. त्यांचं पालुपद एकच असतं. "डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद होते भाऊ, आत्ताच देऊन टाका, नंतर भंगारातच जाईल." ही भीती घालून चांगली चालती पिकअप पडत्या भावात उचलतात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात दीडपट भावात विकतात.

म्हणून आधीच स्पष्ट लिहितो. दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या राजधानी क्षेत्रासाठी झाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आदेश दिला, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली तो उचलून धरला. एमएच-३३ आणि एमएच-३४ च्या गाड्यांना तो लागू नाही. आपल्याकडे मालवाहू गाडीला फिटनेस लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ चं भंगार धोरणही गाडीच्या तपासणीवर उभं आहे. व्यावसायिक गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणीत नापास झाली, तर तिचं आयुष्य संपलं. नुसतं वय झालं म्हणून कोणी गाडी ओढून नेत नाही.

मग खरा प्रश्न उरतो तो असा, की कोणती जुनी गाडी ठेवण्यासारखी आणि कोणती सोडण्यासारखी? त्याचं उत्तर इंजिनात आहे. आणि आपल्या पिकअपच्या इंजिनाला मोठा इतिहास आहे. तो थोडा सविस्तर सांगतो.

आपला मुलूख आधी बंडीचा. धान बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून गिरणीवर, सगळं बंडीतून. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, तोवर ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. आलापल्लीचं सागवान, बल्लारपूरच्या पेपर मिलचा बांबू, यासाठी ट्रक जंगलात जायचे. पण गावातल्या माणसाला चारचाकी दिसायची ती जीप. जंगल खात्याची, नाहीतर ठेकेदाराची.

ही जीप दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ ला, मुंबईत महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी उभी राहिली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिकडे अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झाली. ती गाडी पेट्रोलची. चिखलात, नाल्यात, चढावर कुठेही जायची, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. शेतकऱ्याच्या आवाक्यातली ती नव्हतीच.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. त्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या लोकांना आठवत असेल. त्याचा आराखडा इंग्लंडात तयार झालेला. १९७३ ला अरब देशांनी तेल अडवलं, पेट्रोल भडकलं आणि पेट्रोलची जीप पांढरा हत्ती होऊन बसली. तेव्हा डिझेलची सोय घरातच होती. ट्रॅक्टरच्या त्या घराण्याचं इंजिन पुढे जीपच्या बॉनेटखाली आलं.

याचा पुरावा तुमच्या दारात उभा आहे. बोलेरो पिकअप असेल तर माहितीपुस्तिका काढा. इंजिन २५२३ सीसी. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची चाल १०१.६ मिलिमीटर. असे विचित्र आकडे का? कारण ते मुळात मिलिमीटरचे नाहीतच. ८८.९ म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि १०१.६ म्हणजे बरोबर चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-१५४ या ट्रॅक्टर इंजिनाचं हेच माप. बी-२७५ चं इंजिन याचा धाकटा भाऊ, सिलिंडर थोडा अरुंद, चाल तीच चार इंच. वरचं हेड बदललं, पंप बदलला, टर्बो आला, कॉम्प्युटर आला. सिलिंडरचं माप मात्र अजून तेच इंचातलं आहे.

गावासाठी याचा अर्थ मोठा होता. ज्या मिस्त्रीला ट्रॅक्टर उघडता येत होता, त्याला ही गाडीही उघडता येत होती. वेगळं शिक्षण नको, वेगळी हत्यारं नको. टॅपेट लावणं, लायनर-पिस्टन बदलणं, हेड घासून घेणं, सगळं ओळखीचं काम. आपल्याकडे जी गाडी टिकली ती दुरुस्त करणारा जवळ होता म्हणून टिकली, असं माझं मत आहे. सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असेल, तर जाहिरातीतली ताकद काय कामाची?

महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडूनही डिझेल इंजिन घेतलं. करार १९७९ चा, इंजिन २११२ सीसीचं एक्सडीपी. एमएम-५४०, कमांडर, मार्शल या गाड्यांत ते बसलं. आपल्या काळी-पिवळीत बसून ज्यांनी आलापल्ली, एटापल्ली, धानोरा केलं आहे, त्यांनी त्या इंजिनाचा खडखडाट ऐकला आहेच. ते इंजिन थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय उठायचं नाही. ट्रॅक्टर घराण्याचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन मात्र पौषातल्या पहाटेही सेल्फ मारला की उठायचं. बॅटरी बसली तर चार जण ढकलून चालू करायचे. एकदा चालू झालं की त्याला बॅटरीची गरजच नाही, कारण पंप पूर्ण यांत्रिक.

दुसरं घराणं पुण्याकडचं. १९५८ साली फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी हात मिळवून बजाज टेम्पो काढली. आधी तीनचाकी आली, आणि कंपनीचं नाव हेच मराठीत गाडीचं नाव होऊन बसलं. १९६९ ला मॅटाडोर आली. आपण विदर्भातले लोक आजही कोणत्याही लहान मालगाडीला 'मेटॅडोर' म्हणतो ना, ते तिथून आलं. मूळ गाडी कधीचीच बंद झाली, नाव राहिलं.

ऐंशीच्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांना हलके ट्रक बनवायला दार उघडलं. टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, निस्सान असे चौघेही भारतीय भागीदार घेऊन उतरले. टाटांनी १९८६ ला ४०७ आणून त्यांना उत्तर दिलं. १९८८ ला टाटा मोबाइल २०६ आली, त्याच वाटेने पुढे २०७. खऱ्या अर्थाने पिकअप म्हणावी अशी ही गाडी, पुढे केबिन, मागे उघडा डाला. २००० साली बोलेरो आली आणि बोलेरोच्या नावाची पिकअप हळूहळू गावोगाव दिसू लागली. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी आला. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तीनचाकीवाल्याला चारचाकीचा मालक त्या गाडीने केलं. पण आपल्या वाटा, आपले चढ-उतार आणि धानाची पोती बघता, जंगलपट्टीत पिकअपच जास्त चालली.

यानंतर धुराचे नियम आले. भारत स्टेज तीन देशभर २०१० ला, चार २०१७ ला, सहा १ एप्रिल २०२० ला. डिझेलमधलं गंधक स्टेज तीनला दहा लाख भागांत ३५० भाग होतं, चारला ५०, सहाला फक्त १०. हवेसाठी हे चांगलंच झालं. चंद्रपूरची हवा काय आहे ते औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. पण गाडी बदलली. जुनं नोझल दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडायचं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे असतो आणि नोझलची छिद्रं केसासारखी बारीक. जुना पंप थोडं पाणी, थोडा कचरा पचवून घ्यायचा. नवीन इंजेक्टर तो पचवत नाही, सरळ मरतो. आणि एका इंजेक्टरचा खर्च म्हणजे कित्येक पोती धान.

म्हणून आपल्या भागापुरत्या काही गोष्टी लिहून ठेवतो.

एक. पंप लांब, म्हणून आपण कॅनमध्ये डिझेल साठवतो. कॉमन रेल गाडीत ते ओतताना कॅनचा तळ ओतू नका, पाणी आणि गाळ तिथेच असतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात वरचेवर काढा. पाण्याचा दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवा.

दोन. स्टेज सहाच्या गाडीला धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. घर ते बांधी, बांधी ते घर एवढंच चालवाल तर जाळी चोंदते. दिवा लागला की पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालवून आणा. ऑइलही पुस्तिकेत लिहिलेलंच घाला, या गाड्यांना कमी राखेचं लागतं.

तीन. काही नव्या डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं पाणी लागतं. त्यात शुद्ध पाणी आणि ३२.५ टक्के युरिया असतो. हे ऐकून कोणी गोदामातला युरिया कालवू नका. शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्ण निमलेपित आहे, कडूनिंबाचं तेल आणि इतर अशुद्धी त्या यंत्रणेचा सत्यानाश करतात.

चार. ऑगस्ट २०२० ला वैनगंगेचा पूर ब्रह्मपुरीकडे घरात घुसला होता. पर्लकोटा चढली की भामरागड तुटतंच. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वर विमा कंपनी म्हणते, तुम्ही चालू केली म्हणून बिघडली.

विम्याचा विषय निघालाच तर तोही ऐका, कारण इंजिनापेक्षा घर यात जास्त बुडतं. बरेच जण तीन-चार वर्षांनी पैसे वाचवायला फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. त्यात पूर, आग, चोरी काहीच येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला नक्षलवाद्यांनी एका दिवसात ८० च्या आसपास गाड्या जाळल्या. मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलिसांसोबत खासगी गाडीचा चालकही गेला. आपल्या जिल्ह्यात गाडी बाळगणं म्हणजे काय, ते या दोन नोंदींत आहे. गाडी जळते, बँकेचा हप्ता जळत नाही. पॅकेज पॉलिसीत आग, पूर, दंगल आणि अतिरेकी कृत्य ही कलमं असतात. आपल्या कागदावर ती आहेत का, हे आजच बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोवणीला, तेंदूपत्त्याला, तेलंगणात मिरची तोडायला आपण माणसं पिकअपच्या डाल्यात भरून नेतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालगाडीतून जात असेल तर त्याला विम्याचं संरक्षण मिळालं. बाकी बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशा राणी खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे उद्या डाल्यातली बाई पडली, तर भरपाईसाठी मालकाची शेती जाऊ शकते आणि तिच्या घरच्यांच्या हाती वेळेवर काहीच येत नाही. ती बाई आपल्याच गावची असते, हे विसरू नका.

परवान्याबद्दल एक चांगली बातमी आहे. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या एलएमव्ही परवान्यावर चालवता येते. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. वेगळा बॅज नाही म्हणून विमा नाकारला, तर हा निकाल दाखवा.

तर जुनी गाडी ठेवायची की द्यायची? माझा हिशोब असा. यांत्रिक पंपाची गाडी असेल, चेसिस गंजलेली नसेल, पाटे आणि क्रॉस धड असतील, ऑइलचं झाकण काढल्यावर धूर फेकत नसेल आणि फिटनेस होत असेल, तर ती घाईत विकू नका. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या शेतकऱ्याला नवीन गाडीचा हप्ता धानावर निघत नाही. उलट रोजचं भाडं असेल, गाडी नागपूर-चंद्रपूर करत असेल, तर नवीन गाडीचा विचार करा, तिला लांबचा रस्ताही मानवतो. चेसिस सडली असेल तर मात्र जीव लावू नका, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी.

दलाल आला की त्याला एवढंच विचारा, "दहा वर्षांचा नियम चंद्रपूरला लागू झाल्याचा कागद दाखव." आणि इंजिन उघडणारा तुमच्या गावातला म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा पोरगा शिकायला बसवा. सुटे भाग मिळतील, तो हात गेला की मिळायचा नाही.